हात कशासाठी पाहिजे?

खांदा दुखतो म्हटलं की रायपुरातली माणसं दोनच गोष्टी सांगतात. सिकाई करवा लो, म्हणजे शेक घ्या, आणि हात हलवू नका. मी शहाण्यासारखं दोन्ही केलं. तीन महिन्यांत उजवा हात असा आखडला की पाठीमागे जाईना आणि कानाच्या वर उठेना. केस विंचरायलाही नवऱ्यासमोर पाटावर बसायची वेळ आली. तो माझी वेणी घालायचा ती सुतळी वळल्यासारखी, आणि वर म्हणायचा, "पहाय, जमलं का नाही मले?"

डॉक्टरांनी खांद्याचा फोटो पाहिला, खांदा पाहिला नाही. "हड्डी ठीक है, जकड़ गया है, सिकाई करवाइए," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तेव्हा समता कॉलोनीतल्या एका केंद्रात जायला लागले. काचेचं दार, एसी, पडदे टांगलेले छोटे छोटे कप्पे. तिथली बाई खांद्यावर थंडगार जेल फासायची, मशीनचा गोळा फिरवायची, मग चार चिकट पट्ट्या लावून करंट सोडायची आणि पडद्यापलीकडे जाऊन मोबाइलवर मालिका बघत बसायची. मधूनच ओरडायची, "आंटी, बढ़ाऊँ क्या?" मुंग्या आल्यासारखं व्हायचं, बरंही वाटायचं, खोटं काहून सांगू? पण घरी पोचेपर्यंत हात पुन्हा जिथल्या तिथं. पंधरा दिवस गेले. या पंधरा दिवसांत एकाही माणसानं "हात वर करून दाखवा" असं म्हटलं नाही. अरे, खांदा माझा आहे का त्या मशीनचा?

घरी वेगळीच तऱ्हा. लसूण घालून कढवलेलं सरसोंचं तेल, गरम पाण्याची पिशवी, आणि माझीच ओढणी बांधून केलेली झोळी. भाजी नवरा चिरायचा, पाण्याचा पेला हातात आणून द्यायचा. सेवेत खोट नव्हती, म्हणून तर भांडताही येत नव्हतं. मी हात जरा उचलला की हा ओरडलाच, "राहू दे! काहून ताण देऊन राहिली?"

मला खरं काय खुपत होतं ते मात्र मी कोणालाच सांगितलं नव्हतं. खाली पार्किंगमध्ये माझी स्कूटर उभी होती. सरकारी ऑफिसातून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. बत्तीस वर्षं गाडी चालवली ती ऑफिस, शाळा, दवाखाना, बाजार अशी. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा मी ती कामाशिवाय चालवायला लागले. संध्याकाळी पाच वाजता निघायचं, तेलीबांध्याच्या तलावाला फेरी मारायची, एकटीनं फुटाणे खायचे आणि परत यायचं. घरी सांगायचे, सदर बाजारात ब्लाउज शिवायला टाकून आले. इतके ब्लाउज माझ्याकडे असते तर दुकान थाटलं असतं. पण साठी उलटलेल्या बाईनं उगाच गाडी फिरवायची, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. आता हॅन्डल धरायला हात पुढे जाईना, गाडी स्टँडवरून ओढता येईना, डोक्यात हेल्मेट घालता येईना. धूळ खात पडलेली ती गाडी बघून मला रडू यायचं.

सोळाव्या दिवशी त्या केंद्रात एक नवीन फिजिओथेरपिस्ट आली. पोट्टीच होती, बिलासपूरकडची, "हो"ला "हव, हव" म्हणणारी. तिनं आल्या आल्या मशीनचं बटणच बंद केलं. मी तडकले. "मशीन काहून बंद केली? आम्ही इथं भजन कराले आलो का?" तिला मराठी कळत नव्हती, पण माझा सूर बरोबर कळला. म्हणाली, "मशीन से दर्द थोड़ी देर दबेगा, आंटी। हाथ तो आपको ही खोलना पड़ेगा।" मग वही उघडून तिनं विचारलं, "ये हाथ आपको किस काम के लिए चाहिए?"

तीन महिन्यांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, कुठं दुखते. शेजारच्या खुर्चीवर मांडीवर माझी पर्स घेऊन नवरा बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, ती बघत होती, आणि मी म्हणाले, "खाना बनाने के लिए। आटा गूँथना है, ऊपर का डब्बा उतारना है।" तिनं ते लिहून घेतलं. नवऱ्यानं मान डोलावली. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात लोक, ती जीभ नेमकी तेव्हाच कुठं गेली होती कोण जाणे!

मग सुरू झाला छळ. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, जिथं हात थांबेल तिथं ती पेन्सिलीनं खूण करायची. दाराच्या वर टांगलेल्या दोरीनं डाव्या हातानं उजवा ओढायचा. काठी दोन्ही हातांत धरून पाठीमागे वर सरकवायची. वाकून हातात पाण्याची बाटली घ्यायची आणि हात सैल सोडून झुलवायचा. शेवटी ती स्वतः माझा हात धरून हळूहळू वर न्यायची, आणि मी असं बोंबलायचे की बाहेर बसलेले पेशंट निघून जायचे. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती हसायची आणि म्हणायची, "और दस बार।" घरी दिवसातून तीनदा तेच. नवरा दारात उभा राहून हळहळायचा, "ही पोट्टी तुले मारून टाकते का काय!" झोळी मात्र मी त्याच्यासमोर सोडून धुवायला टाकली.

पेन्सिलीच्या खुणा भिंतीवर वर चढत गेल्या. दोन महिन्यांनी मी उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढला. केंद्रात सांगितलं तर ती पोट्टी माझ्याकडे बघत राहिली. "फिर भी आप खुश नहीं हो," म्हणाली. नवरा त्या दिवशी बाहेर त्याची गाडी लावायला जागा शोधत होता. मी खालमानेनं सगळं सांगितलं. तलाव, फुटाणे, खोटे ब्लाउज, सगळं. वाटलं, हसेल. ती चिडली. "पहले बोलना था ना, आंटी! उसकी कसरत अलग है!" दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर बसवून तिनं माझ्या दोन्ही हातांत हॅन्डलसारखी काठी दिली. ती समोरून ढकलायची, मी वळवायची. मग तिचं स्वतःचं हेल्मेट दहा वेळा घालायचं, दहा वेळा काढायचं. तीन आठवड्यांनी तिनं टाळी वाजवली. "कल से चलाओ। पहले सुनसान सड़क पर।"

मी घरी आले ते उडतच. पार्किंगमध्ये आमच्या जागेवर ओल्या टाइल्स होत्या. कोणीतरी स्कूटर धुऊन नेली होती.

नवरा वर चहा ठेवत होता. सहज म्हणाला, "अगं, भिलाईहून भाचा आला होता. गाडी घेऊन गेला. ताईच्या सूनबाईच्या कामात येईल. उगाच सडून राहिली होती."

"माझी गाडी? कागद माझ्या नावावर आहेत! मले विचारलं काहून नाही?"

"तू सिकाईले गेली होती ना." मग तो खरंच गोंधळून म्हणाला, "तूच तर त्या पोट्टीले म्हणाली होती, हात सैपाकापुरता चालला म्हंजे झालं. मी होतो ना तिथं बसून."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या वेळी मी गाडीसाठी काठी वळवत होते, त्याच वेळी माझी गाडी खाली धुतली जात होती! पण त्याला शिव्या तरी कशा घालणार? तो खोटं बोलत नव्हता. खोटं मी बोलले होते. सगळ्यात जास्त राग मला माझाच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्समध्ये गाडीचे कागद आणि हातात हेल्मेट घेऊन मी भिलाईची बस धरली. नणंदेच्या अंगणात भाच्याची मोटारसायकल उभी होती, कार उभी होती, आणि त्यांच्यामागे माझी स्कूटर. नणंद म्हणाली, "अहो वहिनी, एवढ्या सकाळी? तुमचा खांदा?"

"खांदा बरा आहे, ताई. गाडी नेण्यासाठी आली."

"अहो, पण सुनेच्या कामाची आहे ना. तुम्हाले आता कुठं जायचं असते?"

तिची सून, हिंदी घरातली, किल्ली घेऊन बाहेर आली. मी तिला विचारलं, "तुले कशासाठी पाहिजे होती गं?" तिनं आधी सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "सब्ज़ी लाने के लिए, मामी।"

मी किल्ली घेतली आणि नणंदेकडे वळून इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारची बाई खिडकीत आली. "ताई, मले ही गाडी फिरवाले पाहिजे. भाजीसाठी नाही, दवाखान्यासाठी नाही. नुसती फिरवाले पाहिजे. तुमच्या भावाले फोन करून सांगा."

मी हेल्मेट घातलं, दोन्ही हातांनी गाडी स्टँडवरून ओढली. खांद्यात कळ आली, पण हात थांबला नाही. सून धावत जाऊन फाटक उघडून उभी राहिली. मी तिच्याजवळ पोचले तशी ती वाकून हळूच म्हणाली, "मामी, मुझे भी घूमने के लिए ही चाहिए थी।"

मी ब्रेक दाबला. म्हणाले, "हे मले काहून सांगून राहिली? आत जाऊन सांग."