अक्काला सिनेमा सांगताना

तंजावूरला मी गेलो होतो जुने मोडी कागद वाचायला. अडीच वर्षं वाचले. चष्म्याचा नंबर वाढला, पाठ धरली, दोन जाड वह्या भरल्या. पण सांगलीला परत आल्यापासून आजतागायत एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, त्या कागदांत होतं तरी काय! विचारतात ते एवढंच, "तिकडे वेळ कसा जायचा हो तुमचा?" मग मी सिनेमाचा एक किस्सा सांगतो. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. किस्से लोचटच असतात. एकाला बसायला पाट दिला, की मागून सगळं गणगोत येतं.

आधी माझी कुंडली सांगतो. मी निवृत्त शाळामास्तर. सिनेमाचं वेड जुनं. दर रविवारी दुपारचा खेळ, बायको आणि मी. तीस-बत्तीस वर्षं हा नेम चालला. सिनेमा टुकार निघाला तरी आमची हरकत नसायची. तो किती टुकार होता, हे घरी येईपर्यंत बोलण्यातच अर्धी मजा! ती गेली आणि मला कळलं, की सिनेमा मला एकट्यानं बघता येत नाही. टीव्ही लावायचो आणि दहा मिनिटांत बंद करायचो. तिच्याविषयी कुणाशी बोलताही यायचं नाही. कुणी विषय काढला, की मी पाणी प्यायला उठायचो. अशात हे मोडीचं काम चालून आलं. घराला कुलूप लावलं आणि गेलो.

*

तंजावूरला पहिल्याच रविवारी थेटरात जाऊन बसलो. तामीळचा गंध नव्हता. पण म्हटलं, माणसं तर असतील.

माणसं होती! सगळं थेटर एकदम हसायचं आणि मी अर्ध्या सेकंदानं मागाहून. त्या अर्ध्या सेकंदात माणूस किती एकटा पडतो, ते मला त्या दिवशी समजलं. मग युक्ती काढली. पडदा सोडून शेजारच्या गृहस्थांच्या खांद्यांकडे बघायचं. खांदे हलले की हसायचं. पाऊण तास झकास जमलं. मग ते खांदे जोरात हलले, म्हणून मीही जोरात हसलो. बाकी कुणीच हसलं नाही. पडद्यावर एक म्हातारी मेली होती आणि गृहस्थ रडत होते!

ते वळून तामीळमध्ये काहीतरी कडक बोलले. घाबरून माझ्या तोंडून मराठीच निघालं, "माफ करा हो, मला भाषा कळत नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि मराठीत विचारलं, "मग हंसला कां?"

*

हे सेतुराव. वीजखात्यातून निवृत्त झालेले, राहायला राजवाड्यामागच्या गल्लीत. पूर्वज राजेलोकांच्या कारभारात आले ते तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तामीळ, आणि रागावले की इंग्लिश. देवनागरी वाचता येत नाही, पण बोलतात ती मराठी माझ्या पणजोबांना जवळची वाटली असती. महिन्याभरात मी त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायला गेलो.

सेतुराव शुक्रवारी एकटे जाऊन नवा सिनेमा बघून यायचे. का? तर रविवारी तो मला समजावून सांगता यावा म्हणून! समजावणं मात्र दोन पावलं पुढे. "मास्तर, हा मित्र अहे नां, हा फसवील." इंटर्व्हलला कापीचा पेला हातात देऊन म्हणायचे, "आतां भाऊ मरेल. रडायचें तर आतांच सुरू करा, मागाहून घाई होते."

एकदा शुक्रवारी त्यांना ताप आला. सिनेमा बघायचा राहिला. पण रविवारी मागे हटतील तर ते सेतुराव कसले! त्याच जोरात सांगत राहिले. नायक मरणार म्हणाले, तो शेवटी ठणठणीत घरी आला. थेटर टाळ्या वाजवत होतं आणि सेतुराव तोंड पाडून बसलेले.

मी म्हटलं, "अहो, चुकतं एखाद्या वेळी."

"मी कोठें चुकलों? ते चुकले!"

*

आमच्यात तिसरे भीमाजीराव. ओरत्तनाडूच्या बाजूला त्यांचं भातशेत आणि नारळीची बाग. मुलं परदेशात, बायको नातवंड सांभाळायला तिकडेच. हे गृहस्थ दर रविवारी बसनं तंजावूरला यायचे, तिकीट काढायचे, आणि नावं सुरू व्हायच्या आत घोरायला लागायचे. इंटर्व्हलला उठून कापी प्यायचे आणि पुन्हा झोपायचे.

मला वाटायचं, एसीसाठी येत असतील. मग एकदा एसी बिघडला. आम्ही सगळे घामानं चिंब, आणि भीमाजीराव गाढ! बाहेर पडल्यावर न राहवून मी विचारलंच, "घरी का नाही हो झोपत?"

ते जरा ओशाळले. "घरीं कोण बोलतें की? येथें अस्के लोक बोलतांत. ल्हानपणीं मोठीं माणसें बोलत बसायचीं आणि अमी निजायचों. तसें वाटतें."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

पुढे एका रविवारी कुठलासा बक्षीस मिळालेला सिनेमा लागला. त्यात संवाद जवळजवळ नव्हतेच. नायक खिडकीतून बाहेर बघतो, नायिका भिंतीकडे बघते, असं चाललेलं. भीमाजीराव टक्क जागे! या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले. शेवटी उठून उभे राहिले आणि पडद्याकडे हात करून ओरडले, "कोणी तरी बोला की रे!"

*

सेतुरावांच्या थोरल्या बहीण तुळसाअक्का. ऐंशी ओलांडलेल्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मी गेल्यावर सेतुरावांनी कौतुकानं डिशवर मराठी चॅनल घेतला. पहिला मराठी सिनेमा सगळ्यांनी मिळून लावला. पाच मिनिटांत अक्का म्हणाल्या, "हे कोणती भाषा बोलतांत?"

"मराठी, अक्का."

"नव्हे. मराठी अमी बोलतों."

मग मराठीचं मराठीत भाषांतर करायचं काम माझ्याकडे आलं! आणि दिसत नाही म्हणून पडद्यावर काय चाललंय तेही सांगायचं. मी आपला मास्तरी पद्धतीनं, "एक बाई येते. खुर्चीवर बसते." अक्का वैतागायच्या. "लुगडें कसलें? काठ कसला? केस बांधलेत की मोकळे? येतांना दाराकडे बघितली की नाहीं?" मला कुठलं ते दिसायला! जन्मभर सिनेमे बघितले, पण साड्या बघायचं खातं माझ्याकडे नव्हतंच.

मी म्हटलं, "अक्का, हे सगळं माझी बायको बघायची."

"ती कोठें अहे?"

"गेली."

मी पाणी प्यायला उठलो. परत येऊन बसल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "सरी, बरें. मग आतां तूं बघ."

त्या दिवसापासून मी साड्या बघायला शिकलो. साठीनंतर.

*

एकदा अक्कांना थेटरात नेलं. पंधरा वर्षांनी त्या थेटरात येत होत्या. सिनेमा तामीळ. म्हणजे त्यांना ऐकू येणार पण दिसणार नाही, आणि मला दिसणार पण कळणार नाही. दोघांत मिळून एक प्रेक्षक! मी त्यांच्या कानात सांगायचो, "हा चिडलाय, त्यानं ताट ढकललं." त्या माझ्या कानात सांगायच्या, "आईला म्हणतो, मी जातों." अशी आमची छान गाडी चालली होती. गेल्या कित्येक वर्षांत सिनेमा बघताना मला एवढं बरं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

मागचा एक जण सारखा "श्श" करत होता. तिसऱ्या वेळी अक्का वळल्या आणि तामीळमध्ये काहीतरी बोलल्या. मागची अख्खी रांग हसली. तो माणूस मात्र उठला, बाहेर गेला आणि अक्कांसाठी मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, पुडा घेऊन आला.

मी सेतुरावांना विचारलं, "काय म्हणाल्या हो?"

"म्हणाली, मी आंधळी, हा बहिरा. तुला देवानें दोन्ही दिलें अहे नां? मग गप बसून बघ की!"

*

माझी चूक एकच, पण मोठी. एका सिनेमात दोन भाऊ होते, दोघांना सारखीच मिशी. मला वाटलं एकच माणूस. त्यातला एक मेला, तसं मी अक्कांना सांगितलं. पुढच्या सीनला दुसरा आला. मी गडबडलो. "अक्का, तो... तो परत आला."

अक्कांनी शांतपणे सुंडलचे चार हरभरे तोंडात टाकले. "येऊंदे. आपल्याला काय जड झाला?"

*

काम संपलं. स्टेशनवर सोडायला सेतुराव आणि भीमाजीराव आले होते. भीमाजीरावांनी नारळ दिले, सेतुरावांनी वाटेत खायला दहीभात. गाडी यायला वेळ होता.

सेतुराव म्हणाले, "सांगलीला कोण अहे?"

"घर आहे."

"घर नव्हे. मी पुसलों, कोण अहे?"

गाडी एकदाची आली, म्हणून सुटलो.

*

सांगलीच्या पहिल्या रविवारी दुपारी मी जेवून नुसता बसलो होतो. समोर टीव्ही, त्यावर अडीच वर्षांची धूळ. रिमोट हातात घ्यायचं धाडस होत नव्हतं. दोन वाजता फोन वाजला. तुळसाअक्का.

"आमच्या येथें मराठी पडम लागलें अहे. सेतूला कांहीं सांगतां येत नाहीं, नुसता शेवट सांगतो. तूंही लाव. आणि सांग."

टीव्ही पुसला आणि लावला. त्या दिवसापासून दर रविवारी दोन वाजता अक्का तंजावूरला, मी सांगलीला, आणि मध्ये फोन. त्यांच्याकडे आवाज, माझ्याकडे चित्र.

मग तो रविवार आला. सिनेमा घरगुती होता, नवरा-बायकोचा. अर्धा झाला आणि आमच्याकडे लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा. फोनमधून अक्कांच्या टीव्हीचा आवाज बारीक येत होता. लाइट गेली म्हटलं असतं, तर अक्का "सरी, ठेवतें" म्हणाल्या असत्या. तीनसुद्धा वाजले नव्हते, आणि ती पुढची सबंध दुपार मला नको होती. म्हणून मी बोलत राहिलो. संवाद कानावर येत होते, चित्र मी मनानं लावत होतो.

"आता ती बाई बाहेर जायला निघालीय."

"लुगडें?"

"हिरवी साडी. काठ विटलेत, पण रविवारी तीच नेसते. आरशात न बघता कुंकू लावते. ते नेहमी जरा डावीकडे जातं. नवरा सांगत नाही."

"कां?"

"त्याला तसंच आवडतं."

"हूं. मग?"

"मग ती दाराला कुलूप लावते आणि तीनदा ओढून बघते. नवरा चिडतो, उशीर होईल म्हणतो. ती म्हणते, सुरुवातीला नुसती नावंच तर असतात."

"मग?"

"खुर्चीत पाय वर घेऊन बसते. रडायचं आलं, की नवऱ्याच्या रुमालाला नाक पुसते. स्वतःचा घरी विसरलेला असतो. येताना दोघं चालत येतात. ती सिनेमाला नावं ठेवते, तो हसतो. मग ती दमते. पुढच्या रविवारी जाऊ म्हणते. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच म्हणते. नवरा डॉक्टरांकडे नेतो, पण उशीर झालेला असतो. कुलूप तीनदा ओढून बघायला आता कुणी नसतं. तो एकदाच ओढतो आणि जातो."

"संपलें?"

"संपलं, अक्का."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत नव्हता. तो कधी थांबला, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"टीवी मी मगांच बंद करायला लावली," अक्का म्हणाल्या. "तूं कुंकवाचें सांगत होतास, तेव्हां."

मी पाणी प्यायला उठणार होतो.

"बस. एक राहिलें," त्या म्हणाल्या. "तिचें नांव काय?"