शार्कच्या जबड्याचा उजवा भाग

मंजूषा पुणतांबेकर आनंद नगरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावर वडिलांची औषधं, पथ्यं आणि कुरकुर सांभाळायची. वय चव्वेचाळीस. लग्न राहून गेलं, असं ती म्हणायची. आईच्या आजारपणात तीन वर्षं गेली, मग कुणी विचारलं नाही, एवढीच त्याची हकिकत. वडील गोपीनाथराव रायसेन रोडवरच्या मोठ्या कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झालेले. धाकटा भाऊ गौरांग मेलबर्नला.

दोन वर्षांपूर्वी गौरांग आला तेव्हा टीव्हीला जोडायचा एक गेम ठेवून गेला. "ताई, फोनवर बोलायला विषयच नसतात आपल्याला. रविवारी सकाळी यावर भेटत जाऊ." गेममध्ये एक बेट होतं, त्यावर आपलं घर, फळझाडं, गप्पा मारणारे शेजारी प्राणी आणि एक वस्तुसंग्रहालय. जमिनीवर रोज चार ठिकाणी फुलीसारखी खूण दिसायची. तिथे खोदलं की जीवाश्म निघायचा. तो संग्रहालयात द्यायचा, तिथे सांगाडे पुरे होत जायचे.

गोपीनाथराव आधी म्हणाले, "हा काय पोरखेळ!" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपली खुर्ची टीव्हीपाशी सरकवून घेतली.

वर्षभरात संग्रहालय भरलं. डायनासोर झाले, मॅमथ झाला. राहिला फक्त एक: प्राचीन काळातल्या महाकाय शार्कचा जबडा. त्याचा डावा भाग कधीच मिळाला होता, उजवा काही केल्या निघत नव्हता.

"अर्धा जबडा मांडून ठेवलाय," गोपीनाथराव वैतागायचे. "आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी अर्धा जॉब मांडून दाखवला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं."

"बाबा, मुळात शार्कला हाडं नसतात. सगळी कूर्चा. मेल्यावर कुजून जाते, दात तेवढे उरतात."

"मग हा जबडा कुठला?"

"गेममधला."

"मग शोध की!"

शाळेतून आल्यावर ती चपला काढत असतानाच ते विचारायचे, "आज निघाला का गं?" गौरांगलाही त्यांनी फोनवर बजावून ठेवलं होतं, तुझ्या बेटावर निघाला तर पाठव.

मार्चमधल्या एका सोमवारी गोपीनाथराव न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शेजारच्या अच्युतकाकांनी गाडी काढली म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. मंजूषाने तिथूनच गौरांगला फोन लावला.

"ताई, मी तिकिटाचं बघतो," तो म्हणाला. "इथे ऑफिसात नुसती धावपळ चाललीय. फोन उचलता आला नाही तर समजून घे."

मंगळवारी त्याचे दोन मेसेज आले. बुधवारी एकही नाही. बुधवारी सकाळीच व्हेंटिलेटरचा प्रश्न आला. काउंटरवरच्या बाईने कागद पुढे केला आणि तिच्या मागे पाहत विचारलं, "बेटा नहीं आया? साइन कौन करेगा?" मंजूषाने दोनदा फोन लावला, नुसता वाजत राहिला. तिने सही केली.

गुरुवारी दुपारी गोपीनाथराव गेले. त्यानंतर तासाभराने गौरांगने फोन उचलला आणि हुंदके देत म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका गं." सुभाष नगरच्या विश्रामघाटावर मंजूषानेच अग्नी दिला. बिचाऱ्याला सुट्टी मिळाली नाही, असं ती येईल त्याला स्वतःहून सांगत राहिली.

चौदावा झाला, आलेले-गेलेले पांगले. शाळेतून येऊन चपला काढताना कुणी काही विचारलं नाही, तेव्हा तिने टीव्ही लावला. बेटावर तण माजलं होतं. दारातली टपालपेटी लुकलुकत होती. आत गौरांगचं पत्र होतं आणि पत्रासोबत एक जीवाश्म.

"ताई, मिळाला!!! तीन दिवस मागे लागलो होतो. माझं बेट उकरलं, मग दोन मित्रांची बेटं पालथी घातली. उजवाच आहे. बाबांना दाखव."

खाली तारीख होती. त्या बुधवारची.

तिने दिवस बोटांवर मोजून पाहिले, पुन्हा मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार.

मासिक श्राद्धाला गौरांग आला. उज्जैनहून आलेल्या विजयाआत्याने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "एवढ्या लांबून आलास रे. परदेशात सुट्टी मिळणं काय सोपं असतं?" मंजूषाकडे वळून म्हणाली, "तुझं बरं, तू इथेच होतीस." मंजूषा सगळ्यांना वाढत होती.

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर तिने टीव्ही लावला, ते पत्र उघडलं आणि बाजूला सरकली. गौरांगने वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला काही सुचत नव्हतं, ताई. फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायचो. म्हटलं, त्यांना हवा होता, एवढं तरी करावं."

"तू तिकीट बघत होतास ना?"

"साइट उघडली होती. बुक नाही केलं. मला त्यांना तसं बघवलं नसतं गं."

"मला बघवत होतं?"

"तू खंबीर आहेस."

हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता. आईच्या वेळी ऐकला होता, लग्नाची बोलणी थांबली तेव्हा ऐकला होता. तो म्हणून झाला की माणसं उठून आपापल्या घरी जायची.

"जेवून घे," ती म्हणाली. "उद्या पहाटेचं विमान आहे ना तुझं?"

तो गेल्यावर तिने ते पत्र फाडायचं बटण दाबलं. सोबतची वस्तूही जाईल, चालेल का, असं गेमने विचारलं. तिने 'हो' दाबलं. काहीतरी मोकळं होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. उलट बाबांना तो जबडा पुरा बघायचा होता, हे आठवलं, आणि आपण केलं तेही चुकलंच असं वाटत राहिलं. त्याबद्दलही तिला राग गौरांगचाच आला.

आता तो दर रविवारी फोन करतो. ऊन किती, मृत्यूचा दाखला मिळाला का, पेन्शनच्या कचेरीत काय म्हणाले, असं सगळं विचारतो. ती नीट उत्तरं देते. एकदा तो चाचरत म्हणाला, "ताई, तू मला माफ केलंस का?"

"गॅसवर दूध आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गॅसवर काहीच नव्हतं. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.