चोरीचा कंद

आमच्या बाळेगद्दे गावात फुलझाड चोरणं ही चोरी धरत नाहीत. मागून आणलेलं झाड रुसतं आणि न विचारता उचललेलं तरारून येतं, असं इथली प्रत्येक बाई मानते. म्हणून कुणाकडे गेलं की निघताना कुंपणाशी जरा रेंगाळायचं, एखादी फांदी कमरेला खोचायची, आणि घरच्या बाईने नेमकं त्याच वेळी पाठ फिरवून गाईला हाका मारायच्या, अशी रीत आहे. माझ्या अंगणातली निम्मी झाडं अशीच आली आणि तितकीच गेलीही. या रीतीबाहेर एकच बाई, माझी थोरली जाऊ नागवेणी. मी तिला अक्कय्या म्हणते. ती मला तंगी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण, अगदी भांडतानासुद्धा.

अक्कय्याच्या सरळपणाला मी कंटाळलेली आहे हे आधीच सांगते. शेजारून विरजण आणलं तर तिची वाटी कधी रिकामी परत जायची नाही. आमच्या गाईने कुणाचं केळीचं पान ओढलं की त्या घराला कळायच्या आत ही सांगायला हजर. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने नजरचुकीने दुसरी पुरणपोळी टाकली, तर "मला एक आली आहे हो" असं भर मांडवात ओरडणारी. फुलझाडं मात्र तिला जीव की प्राण. ती रीतसर मागून आणायची, खड्डा करून शेणखत घालायची, आणि आठ दिवसांत रोप मान टाकायचं. मी म्हणायचे, "अक्कय्या, विचारलंस ना? मग रुसणारच ते." ती म्हणायची, "रुसू दे. माझ्या हातून व्हायचं नाही."

उताराखाली सुपारीच्या बागेला लागून भुवनक्काचं घर आहे. तिच्याकडे एक डेलिया होता, काळपट लाल, पाकळीच्या टोकाला तेवढा पांढरा. असं फूल आमच्या भागात दुसरीकडे नव्हतं. भुवनक्का बाकी काही द्यायला कधी नाही म्हणायची नाही, पण याचा कंद कुणाला द्यायची नाही. "ते सहनाचं आहे. तिला न विचारता कसं देऊ?" एवढंच म्हणायची. सहना तिची लेक. तिने हुबळीत आपल्या मनाने, जातीबाहेर लग्न केलं, आणि बापाने, गणपती हेगड्यांनी, घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. लेक घरीच येत नाही, तर समोर बसवून विचारणार कधी? पण दरवर्षी पहिलं फूल उमललं की भुवनक्का त्याचा फोटो लेकीला पाठवायची आणि लेक फोन करायची. त्या दिवशी हेगडे मुद्दाम बागेत जाऊन बसायचे. पुढे काही आठवडे मायलेकी बोलत राहायच्या आणि मग पुन्हा वर्षभर शुकशुकाट. फुलाचं निमित्त होतं म्हणून तेवढं चालायचं.

त्या वर्षी उन्हाळा उन्हाळ्यासारखा आलाच नाही. उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, जवळजवळ रोज दुपारी आभाळ भरायचं आणि कोसळायचं. वाळवणाची नुसती दैना. फणसाचे पापड आम्ही बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी घालतो, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. भुवनक्काकडे पाळी होती त्या दिवशी गरे उकडून, कांडून झाले होते, अंगणभर चटयांवर पापड पसरले होते आणि आम्ही जरा धणे-जिऱ्याचा कषाय प्यायला टेकलो, तोच टपोरे थेंब. मग काय, चटया ओढा, एकीचा पाय दुसरीच्या पापडात, "अगं माझा पदर सोड," "अगं आधी पापड बघ," अशी धमाल. अक्कय्या मागच्या दाराची चटई आणायला गेली. न्हाणीघराशेजारी टोपलीत राख होती आणि राखेत डेलियाचे कंद, कोंब फुटलेले.

घरी येताना पावसात ती छत्री मिटून चालत होती. मी म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं?" तर ती आणखी भराभर चालायला लागली. तिच्या निऱ्यांना राख लागली होती. पापडाच्या कामात राख कुठून येईल, आणि मिटल्या छत्रीत काय असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते महिनाभराने. गोठ्यामागे, शेणखताच्या खड्ड्याआड, कुणाच्या नजरेला पडू नये अशा जागी एक रोप कमरेएवढं झालं होतं. पानांवरून डेलिया कळतो. मी विचारलं, "हे कुठलं गं?" अक्कय्या तिथेच शेणात बसली आणि रडायला लागली.

"तंगी, हात कसा गेला मला कळलं नाही. एवढी वर्षं तू म्हणतेस, न विचारता आणलेलंच जगतं... मला एकदा माझ्या दारात ते फूल बघायचं होतं गं."

"मग रडतेस कशाला? सगळ्याच करतात."

"सगळ्याजणी फांद्या नेतात. तिने नाही म्हटलेला कंद कुणी नेत नाही."

यावर मी चिडले. आणि खरं सांगू? झाड बघून मला हसूही आलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून काही जगलं होतं, आणि तेही कसं, दोन वासरांचं बळ आल्यासारखं.

मग कळलं, की भुवनक्काचे कंद गेले. पाऊस लागला आहे म्हणून तिने पापडांच्या दुसऱ्या दिवशीच ते सगळे बागेलगतच्या वाफ्यात लावले होते. खोलगट जागा, पाणी साचलं, सगळे कुजले. ब्राह्मीची तंबळी, म्हणजे ताकातलं कालवण, करायला पानं मागायला मी गेले होते, तेव्हा तिनेच सांगितलं. "एकसुद्धा राहिला नाही गं," म्हणाली, आणि उगाच त्या वाफ्याकडे बघत बसली. मी घरी येऊन अक्कय्याला सांगितलं. तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

मी म्हटलं, "झालं तर मग. जा, सांग, आणि झाड देऊन ये."

"कुठल्या तोंडाने जाऊ? कुणी बोट दाखवलं नाही कधी मला. आता नागवेणीने चोरला, आणि तोही सहनाचा, असं होईल."

"मग काय करणार?"

"काही नाही," म्हणाली.

आणि काही नाही म्हणजे काय, ते मला दोन आठवड्यांनी दिसलं. कळ्या धरल्या. सुपारीएवढी झाली की अक्कय्या कळी खुडायची आणि खतात पुरायची. नुसती पानं काय, कुठल्याही डेलियाची म्हणून खपतील. फूल उमललं की सगळ्या गावाला ओळखू येणार. मी दूध काढत असायचे आणि ती पलीकडे उभी राहून कळी खुडायची. खुडताना मान दुसरीकडे फिरवायची. एवढ्या भरल्या झाडाला फूल नाही, हे बघून माझा जीव तुटायचा. तिचं काय होत असेल!

त्याच दिवसांत भुवनक्काला आमच्या वासराचा एकाएकी पुळका आला. आज कोंडा घेऊन यायची, उद्या फणसाची सालं. "वासरू कसं आहे?" म्हणत थेट गोठ्यात, आणि गोठ्यातून मागे नजर. अक्कय्याला दरदरून घाम फुटायचा. "पाळत ठेवते आहे," ती म्हणायची. मलाही तसंच वाटलं. चोराच्या मनात चांदणं, आणि मी तर चोराच्या घरात राहणारी. अक्कय्याने भुवनक्काकडे जाणं बंद केलं. ताक पोचवायला मला पाठवायची. देवळाच्या वाटेवर ती दिसली की अक्कय्या भर पावसात कुणाच्या तरी पडवीत शिरायची. अंगाने खंगली. माझ्या थोरल्या दिरांना, तिच्या नवऱ्याला, वाटलं पित्त झालं, त्यांनी आल्याचा काढा सुरू केला. तो ती निमूट प्यायची, जणू शिक्षा आहे.

मिरगाच्या तोंडावर एका संध्याकाळी पाऊस जरा थांबला होता. मी गाईखाली बसले होते. अक्कय्याने नेहमीसारखी कळी खुडली, ही जरा मोठी होती, टोकाशी उकलायला आलेली. आणि मागून आवाज आला, "वेणी, मूठ उघड."

भुवनक्का उभी होती. हातात कोंडाबिंडा काही नाही. अक्कय्याने मूठ पाठीमागे नेली, लहान पोर नेतं तशी. मग बहुधा तिलाच लाज वाटली. तिने हात पुढे केला आणि उघडला.

भुवनक्काने कळीकडे पाहिलं, मग झाडाकडे. एकेका देठाशी वाकून तिने बोटाने चाचपलं. जिथे जिथे कळी होती तिथे वाळका खुंट होता.

"सगळ्या?"

"सगळ्या," अक्कय्या म्हणाली.

"अगं, मी तुला पाहिलं होतं त्या दिवशी. न्हाणीघरात लाकडं सारत होते मी. तू राखेत हात घातलास आणि मी पाठ फिरवली, रीतीप्रमाणे. म्हटलं, वेणीने पहिल्यांदा काही न मागता घेतलं, जगेल हे. माझे कुजले तेव्हा तर देवापुढे दिवा लावला, की बरं झालं बाई चोरलास."

"मग बोलला का नाहीत?" हे मी म्हटलं. राग आला होता मला.

"बोलून कसं चालेल? सांगून केलेली ती चोरी कसली? झाड रुसलं असतं." मग ती अक्कय्याकडे वळली. "कंद कुजल्याचं निमित्त करून सहनाला मी फोनवर सांगून ठेवलं होतं, यंदा तुझं फूल वेणीच्या दारात येणार. तेव्हापासून ती दर आठवड्याला विचारते, उमललं का? मी रोज येऊन बघते, आणि नाही म्हणून सांगते. परवा म्हणाली, 'आई, राहू दे. अप्पांनी बंद करायला लावलं ना? मला कळलं. नको पाठवूस.' नंतर मी केलेला फोन उचलला नाही तिने."

गाईने शेपूट मारलं आणि माझ्या हातातलं दूध सांडलं. अक्कय्याचा चेहरा मला बघवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग तिने एक गोष्ट केली, जी माझ्याने झाली नसती. "फोन लावून द्या," म्हणाली. भुवनक्काने आपल्या फोनवरून लावला, तर उचलला नाही. तेव्हा मी माझ्या फोनवरून लावला. पलीकडून "हॅलो" आलं, तसा अक्कय्याने तो दुसऱ्या हातात धरला आणि तोंडाजवळ नेऊन ओरडायला लागली, हुबळीपर्यंत आवाज फोनशिवायच जायला हवा तशी.

"सहना, मी तुझी वेणीचिक्कम्मा, वेणीमावशी. तुझ्या अप्पांनी काही केलेलं नाही. आईनेही नाही. कंद मी चोरला. कळ्या आल्या होत्या, भरपूर आल्या होत्या, त्या मी खुडल्या."

"का गं चिक्कम्मा?"

"लाज वाटली म्हणून."

 पलीकडून बारीक आवाजात, "रंग तोच होता का?"

अक्कय्याने तळहातावरच्या कळीचं टोक अंगठ्याच्या नखाने उकललं. आत काळपट लाल होतं, आणि कडेला पांढरं. "तोच आहे," ती म्हणाली, आणि तो हात भुवनक्कापुढे धरला. भुवनक्काने त्या उकललेल्या कळीचा फोटो काढला, अक्कय्याच्या हातासकट. हात कुणाचा ते फोटोत कळत नाही, पण आजही कुणी हुबळीला जायचं नाव काढलं की अक्कय्या पदराखाली हात घेते.

झाडाला नंतर कळी आली नाही. पावसाळ्याने त्याची खोडं पोकळ केली. दिवाळीनंतर अक्कय्याने जमीन उकरली, तर खाली कंदांचा घोसच्या घोस. तिने ते धुतले, राखेच्या टोपलीत घातले आणि स्वतःला एकही न ठेवता भुवनक्काकडे निघाली. मला बरोबर घेतलं, कारण एकटीने त्या दारात जायचं तिला अजून जड जात होतं.

भुवनक्काने टोपली पायरीवर ठेवून घेतली, कषाय दिला, पापड तळले. मग ती उठली, आमच्याकडे पाठ केली आणि अंगणाच्या टोकाशी जाऊन गाईला हाका मारायला लागली. गाय तिच्यासमोरच खुंट्याला बांधलेली होती.

मी अक्कय्याला कोपराने ढोसलं. ती टोपलीकडे बघत उभी राहिली. हात पुढे जाईना. भुवनक्का हाका मारतच होती, "अंबे, अगं अंबे," आणि गाय वैतागून तिच्या तोंडाकडे बघत होती. अक्कय्या तशीच रिकाम्या हाताने पायऱ्या उतरली.

शेवटी मीच एक कंद उचलला आणि कमरेला खोचला. आमच्या फाटकापर्यंत अक्कय्या माझ्या मागे, चार हात अंतर ठेवून चालत आली.