सुमनच्या आवाजाची मोजणी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, सुमनवर. मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असताना. गुन्हेगार : पांढरकवड्यातलं आमच्या भिंतीला लागून असलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना.

कळंबची मंडळी मुलगी पाहायला आली आणि नेमकं पलीकडे इंजिन सुरू झालं. मुलानं, म्हणजे मधुकरनं, विचारलं, "वाचायला काय आवडते तुमाले?" (मुलीला भाकरीशिवाय दुसरं काही विचारणारा हा पहिलाच इसम!) सुमनचा चेहरा खुलला. तिनं उत्तर दिलं, ते अर्थातच इंजिनाच्या वरताण. मधुकरच्या वडलांच्या हातातली बशी हलली. आठ दिवसांत कार्ड आलं : 'मुलगी सुस्वरूप आहे, परंतु बोलणे फार मोठ्याने आहे. आमचेकडील माणसे हलक्या आवाजाची आहेत.'

सुमननं ते कार्ड फाडलं नाही, उशाखाली ठेवलं. नकाराचं कार्ड कुणी उशाखाली ठेवतं? मला राजकारणापलीकडचं फारसं कळत नाही, पण एवढं कळलं.

मी तेव्हा गावात पत्रकं काढत असे. ('जिनिंगवाल्यांनो, शरम बाळगा!' हे माझंच. शरम कुणी बाळगली नाही, पत्रकात भजी मात्र पुष्कळांनी बांधली.) राज्य नवं झालं होतं, जिनिंग तेच होतं. मी तडक नगरपालिकेत गेलो.

"जिनिंगचा आवाज होतो!" मी टेबलावर मूठ आपटली.

कारकुनानं दौत सावरली. "किती होते?"

"फार होतो!"

"फार म्हंजे किती? मोजून आना. आन् अर्जाले जोडा."

आवाज अर्जाला जोडायचा! टाचणीनं की खळीनं, ते साहेबांनी सांगितलं नाही. पण त्या क्षणी मला कल्पना सुचली. आवाज मोजणारं आणि पकडणारं यंत्र आणायचं. जिनिंगचा आवाज पालिकेला, आणि जिनिंग बंद असतानाचा सुमनचा खरा, गोड आवाज कळंबला! एका दगडात दोन पक्षी.

करीमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हायवेला, ट्रक थांबतात तिथं. त्यांच्याकडे दोन टेपरेकॉर्डर होते. पहिला डब्याएवढा, सेलवर चालणारा. मी त्यात "बंधूंनो!" म्हणालो. करीमभाईंनी नवे सेल घालून वाजवला, तर आतून चिमणी "बंधूंनो" म्हणाली.

"सेल कम झाले का चक्री हळू फिरते, भाऊ. अशा वक्ताले भरलं आन् नव्या सेलवर वाजवलं का मानूस चिडिया होते."

"आणि हा दुसरा?"

दुसरा लोखंडी ट्रंकेएवढा होता. "हे पोर्टेबल हाये," करीमभाई अभिमानानं म्हणाले.

"हे? उचलायला दोन माणसं लागतील!"

"पन मूठ हाये ना वरतून! आन् हा डोळा पाहा. आवाज वाढला का हा मिटून येते. पुरा मिटला, समजा हद झाली."

पुढं काचेत एक हिरवा डोळा लुकलुकत होता. मापाचं माप, यंत्राचं यंत्र! मी हरखलो. करीमभाईंनी तिसरा पर्यायही सुचवला : "मीच येतो, आयकतो, आन् सांगतो." पण करीमभाईंना अर्जाला कसं जोडणार?

आमच्या घरची वीज अजून अर्जातच होती. म्हणून ट्रकची बॅटरी आली, तिला जोडायला आणखी एक पेटी आली, आणि बाजाराच्या दिवशी, जिनिंगला सुट्टी असताना, हे सगळं पोर्टेबल सामान बैलगाडीतून आमच्या अंगणात उतरलं.

आईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं. करीमभाईंनी माईक पाटावर ठेवला आणि हात वर केला. "हां, बोला, बहेनजी. जसं रोज बोलता तसं."

सुमन म्हणाली, "नमस्कार."

हिरवा डोळा फटकन मिटला.

"काय झालं वो?" आईनं विचारलं. डोळा मिटलेलाच.

"मशीन बिघडलं काय?" ओसरीवरून बाबा. डोळा उघडायचं नाव नाही.

"बिघडेल कसं? मी पारखून आणलंय!" मी. इथं तर काटकन काहीतरी वाजलं आणि करीमभाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"या अल्ला! भाऊ, जिनिंग तं बंद हाये ना?"

"बंदच आहे!"

"मंग तुमी सारे चिल्लावून काहून राह्यले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, सकाळपासून इंजिन बंद होतं, लिंबावरचा कावळासुद्धा ऐकू येत होता, आणि घरातल्या एकाही माणसाचा आवाज खाली आला नव्हता! बावीस वर्षं इंजिनाशी बोलून बोलून आमचा तोच सूर झाला होता. म्हणजे कार्ड खरं होतं. पुरावा मी स्वतः, बैलगाडीतून, घरी आणला होता.

करीमभाईंनी टेप मागे गुंडाळून पहिल्यापासून वाजवली. सुमननं स्वतःचा 'नमस्कार' ऐकला. "हे मी हाये?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली. आई मला म्हणाली (यंत्राचा डोळा मिटवूनच), "तुले कोनं सांगतलं होतं रे हे उपद्व्याप?"

पण थोड्या वेळानं सुमन परत आली. पाटासमोर बसली, डोळ्यावर नजर रोखली आणि हळूच म्हणाली, "मले प्रवासवर्णनं आवडतात." डोळा अर्धाच मिटला. तिनं आणखी आवाज उतरवला. असं दुपारभर चाललं. शेवटी ती बोलत होती आणि हिरवा डोळा टक्क उघडा राहून ऐकत होता.

आता पुरावा म्हटला की प्रस्तावना हवी. ती अर्थात मी भरली.

एसटीत यंत्रानं दोन माणसांची जागा घेतली, मी उभा. कळंबला मधुकरच्या घरी वीज होती. मंडळी जमली, मी कळ दाबली. आधी प्रस्तावना आली : "बंधूंनो! भगिनींनो! एका निरपराध मुलीवर..." फळीवरचा पेला खाली आला. गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. आजोबांना (ते दहा वर्षं ठार बहिरे होते!) जाग आली. "कोन भांडून राह्यलं?"

मग सुमनचा आवाज आला. तिला कोणती पुस्तकं आवडतात, कोणती मिळत नाहीत, सगळं सावकाश. मधुकर पुढं सरकून ऐकत होता. टेप संपली तेव्हा तो म्हणाला, "अजून एकदा लावा ना. पहिलं सोडून."

वडील खाकरले. "मुलगी पसंत आहे आमाले. पन एक अट आहे. लग्नात तुमी बोलाचं नाही. आन् कानपिळीचा मानही राहू द्या. कान आमचे आज झाले पिळून."

अट मान्य केली. (मानेनं.) सुमन सासरी सुखात आहे. जिनिंग अजून चालूच आहे. मी आजही लढतो.

तुमच्याकडे मागणी एकच. यंत्राची वाट पाहू नका. आत्ता, हे पान मिटून, घटकाभर तोंड बंद ठेवा आणि घरातला आवाज ऐका. घर एकदम शांत झालं, तर गुन्हेगार सापडला! जिनिंगच्या सुट्टीच्या दिवशी मी करून पाहिलं. आमच्याकडे शांतता पार हायवेपर्यंत पोचली, आणि करीमभाई धावत विचारायला आले, "भाऊ, सब ठीक हाये ना?"