मोडल्या घडीचा शालू

दुप्पट पैसे देऊ केले म्हणून गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच होता, आणि त्याने बाहेर काढलेला मास्तर म्हणजे मी. मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. खंडव्याहून विहीणबाईंचा निरोप आला होता की त्यांना मानाचा शालू जरीचाच हवा. त्या दिवसांत रोज एखादं संस्थान विलीन झाल्याची बातमी यायची, आणि बाजारातली जर त्याआधीच कुठेतरी विलीन झाली होती. ज्यांच्याकडे चारदोन शालू उरले होते ते तोंडाला येईल तो भाव सांगत. म्हणून चौकातल्या म्हाताऱ्या शालूवाल्यांपुढे मी मोठ्या हुशारीने म्हणालो, "दुप्पट देतो, पण नाही म्हणू नका." त्यांनी मला पाणी दिलं, चपला दाखवल्या आणि दार लोटून घेतलं.

शालूवाल्यांचं सगळंच उलटं. प्रत्येक शालूला जुन्या भावाची चिठ्ठी टाचलेली, आणि ती बदलणं त्यांना देवाची मूर्ती हलवण्याइतकं जड. स्वस्तात घेऊन पुढे तिपटीने विकणारे दलाल त्यांच्याकडे लग्नघरच्या माणसांचं सोंग घेऊन येत. म्हणून ते आल्यागेल्याची उलटतपासणी घेत. मांडव कुठे, आचारी कोण, नवरदेवाचं नाव काय? बहादरपूरच्या एका गृहस्थाला नाव पटकन आठवेना, त्याला घालवलं. बिचारा खराच वधूपिता होता, घाबरून विसरला होता. हे कळल्यावर शालूवाले संध्याकाळी स्वतः टांगा करून शालू पोचवायला गेले, आणि त्याच्याकडून टांग्याचं भाडंही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हिला पुढे घालून गेलो. दारातूनच माझी शाळा सुरू झाली. मी म्हणालो, शालू म्हणजे काही ज्वारी नाही. चैनीची वस्तू, ज्याला परवडेल तो घेईल, तुम्ही का जिवाला लावून घेता? ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, चैन घरी. मांडवात चैन नाही ऱ्हात, तिथं इज्जत असते. अन् इज्जतीचा भाव वाढवला, तर मंग दुकान कशाला, डाकाच घालावा ना सीधा."

मग शेवटचा एक शालू काढला. डाळिंबी रंगाचा, भाव चिठ्ठीवरचाच. अट एकच, घडी इथेच मोडायची. एकदा कुणी अंगाला लावला, की दलाल तो कोरा म्हणून विकू शकत नाही. मोडल्या घडीचा शालू विहिणीला? लग्न मोडायला एवढं कारण पुष्कळ. नाही म्हणावं तर दुसरीकडे तिप्पट भाव, आणि तेवढे आणायचे कुठून? मी हिशेब करतोय तोवर हिने पदर उलगडून खांद्यावर घेतला होता. शालूवाल्यांनी मान खाली घातली आणि ते पुडकं बांधायला दोरा शोधू लागले.

मांडवात विहीणबाईंनी शालूवरून हात फिरवला आणि तो थांबला. "घडी कुणी मोडली?" ही म्हणाली, "मी मोडली. त्याशिवाय ते देत नव्हते. बाकीचे तिप्पट मागत होते." विहीणबाई माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मी मनातल्या मनात वऱ्हाड परत पाठवलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडून तिप्पटच घेतले हो, सूनबाईच्या शालूचे." तिथल्या तिथे तो नेसून त्या पंगतीला बसल्या, आणि त्यावर पहिली कढी सांडली तीही त्यांनीच.

शालूवाले जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दुकानात हल्ली बादल्या मिळतात. परवा त्या दारावरून जाताना मी हिला म्हणालो, तेव्हा कर्ज काढून तिप्पट दिले असते तर निदान तो घोर तरी लागला नसता.

ती त्या दारापाशी थांबली. म्हणाली, "मग घडी तशीच राहिली असती. माझ्या खांद्यावर तो कधी आला असता?"