मध्यंतराला जागा बदलणारं गाव
करी पफ, म्हणजे मसालेदार सारणाच्या करंज्या, तळल्याचा वास आला की परदेशात नोकरीला असतानाचं, ईस्ट कोस्टवरचं ते हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांचं आवार, आठवतं. ऑफिसातला स्कॉटिश मित्र मोबाइलवर आपल्या गावच्या फुटबॉल क्लबचा सामना ऐकत होता. हरले तर क्लब खालच्या लीगमध्ये ढकलला जाणार होता. मध्यंतर होताच तो उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. “काय रे, पंखा लागतोय?” “छे! गावात आता सगळे दुसऱ्या गोलमागे गेले असतील. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात ना! आपला संघ जिथे गोल मारणार, तिकडे उभं राहायचं.” “आणि सीट नंबर? गार्ड?” “गार्डही आमच्याबरोबर चालतो!” आपल्याकडे प्रेक्षकाला जाळीमागे कोंबतात, हे आठवून मी भडकलोच, प्लेट उचलून त्याच्या शेजारी गेलो. क्लब हरला. “संपलं?” “संपतंय कसलं? आता खालच्या लीगमध्ये गोलमागे उभं राहू.” आज मायदेशी आमच्या वस्तीच्या सभेसाठी आम्ही दारोदार पत्रकं वाटतो, तरी माणूस फिरकत नाही. त्या गावाला कोण बोलावत होतं, मला अजून कळलेलं नाही.