माझ्या दुकानाच्या जागेवरची पासपोर्टची खिडकी

हुबळीत कमरीपेठेजवळची ती इमारत आधी कापसाचं गोदाम होती. १९५६ साली मला शाळेत घातलं. त्याच वर्षी हुबळी म्हैसूर राज्यात गेली आणि गोदामावरची मराठी पाटी उतरून कानडी चढली. पुढं तिथंच मी एकटीनं लुगड्यांचं दुकान चालवलं. मालकानं जागा सरकारला पासपोर्ट कचेरीसाठी द्यायचं ठरवलं आणि महिन्याभरात मला उठवलं. तो राग अजून गेलेला नाही.

पासपोर्टसाठी मात्र त्याच दारात रांगेत उभी राहिले. मस्कतला माझ्या मुलीला आठवा लागला होता. डॉक्टरांनी तिला विमानाला मनाई केली होती आणि तिला सासू नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आता होणार नव्हतं. मलाच तिकडं जायला हवं होतं.

खिडकीमागचा कारकून म्हणाला, "अक्का, जन्माच्या दाखल्यात गाव मिरज, शाळेच्या दाखल्यात हुबळी. दोनदा जन्मलात काय?"

"एकदाच. आईच्या माहेरी, मिरजेला. शाळेत मास्तरांनी गाव विचारलं, अप्पांनी आपलं हुबळी सांगितलं."

"मग शाळेचा दाखला दुरुस्त करून आणा. दोन-तीन महिने जातील."

"तोवर लेकीचं बाळ रांगायला लागेल. आणि तू बसलास ना, तिथं माझं कापडाचं कपाट होतं."

त्यानं माझे कागद बाहेर सरकवले. ते उचलून मी चालू लागले. घाऊक बाजारात असं उठून निघालं की चार पावलांत मागून हाक येते. त्या हाकेवरच माझा सगळा धंदा उभा राहिला होता. दारापर्यंत गेले, हाक आली नाही. मागं वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणून म्हटलं, "साहेब, मुलगी तिकडं एकटी आहे."

आतल्या टेबलामागच्या अधिकारी बाईसाहेबांनी मान वर केली. "माझ्या अप्पांनीही शाळेत हेच केलं होतं," त्या कानडीत म्हणाल्या. "अक्का, चूक कशी झाली त्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. बघू."

दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. त्यानंतर महिनाभर पोस्टमनची सायकल वाजली की मी दाराकडं धावायची. मुलगी फोनवर काही विचारायची नाही, त्याचीच जास्त भीती वाटायची.

शेवटी पासपोर्ट आला. मी मस्कतला पोचले आणि तिसऱ्या दिवशी तिथंच नात झाली.

काही वर्षांनी ती सगळी हुबळीला परतली. नातीच्या शाळेच्या फॉर्मवर जन्मगावापुढं जावई 'हुबळी' लिहायला लागला. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.